स्वार नसलेला घोडा

मागच्या रविवारी बाबांना मुंबईचा काळा घोडा दाखवायला नेले. रस्त्यावरचे शिल्प पाहून त्यांनी विचारले, "तिकीट किती रे?"

मी सांगू लागलो. १८७९ साली येथे युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा बसविला. १९६५ मध्ये तो हलविला. आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पण लोकांच्या तोंडी चौकाचे नाव राहिले ते घोड्याचेच! २०१७ साली नवा घोडा आला, तोही स्वाराविना.

बाबा हसले. "राजा गेला, वाहणाऱ्याचं नाव राहिलं."

माझी मान खाली गेली. प्रवेश-अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'नोकरी' लिहिले होते. म्हणून येथे खरे लिहितो : माझे वडील मस्जिद बंदरला हमाली करतात.