मरण कुठं नोंदवलं?

निराधार योजनेचा अर्ज भरायला फार वेळ लागत नाही. वेळ खातात ती जोडायची कागदं. चिरनेरच्या आसपासच्या कातकरी वाड्यांवर मी हे काम करते, आणि सगळ्यात चिवट अर्ज असतो विधवेचा. संजय गांधी निराधारचे महिन्याला 1500 रुपये मिळायचे तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा. तो मिळतो मरण जिथं झालं तिथून.

दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात. मुकादमाने उचल दिली असेल त्या वीटभट्टीवर, नाहीतर कोळशाच्या कामावर. तिथेच नवरा गेला, तर माती उरकून बाई परतते. गाव विचारलं की सांगते, "शेठच्या भट्टीवर." मग मी विचारते: बाजार कुठल्या वारी भरायचा? यष्टीवर पाटी कुठली असायची? "बाजाराला जाताना रेल्वेचं फाटक लागायचं," असं एकीला आठवलं, तेव्हा कुठं ग्रामपंचायत सापडली. तारखेचंही तेच. शिमग्याआधी की नंतर? धाकटं तेव्हा रांगत होतं का? तारीख आपण सुचवायची नाही, एवढं पथ्य मी पाळते. कागद हातात असलेल्या माणसाला "होय" म्हणायची त्यांना सवय असते, आणि तो "होय" पुढे तहसीलला नडतो.

वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणजे प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, खेटे. भट्टीवाला साक्षीला येत नाही. मजूर आपला होता हे तो कशाला कबूल करील?

जातीच्या दाखल्याची तऱ्हा आणखी न्यारी. 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. 25 सप्टेंबर 1930 ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी आहे. आडनावातच जात! वाडीवरच्या पोराला मात्र आजोबाचा कागद आण म्हणतात. आजोबा ना शाळेत गेलेला, ना त्याचं नाव सातबाऱ्यावर. अशा वेळी मी गृहचौकशीचा आग्रह धरते. साहेब कुरकुरतात.

हल्ली वाडी उठायच्या आधीच मी सांगून ठेवते: कुणाचं बरंवाईट झालं तर एकवीस दिवसांच्या आत तिथल्या ग्रामपंचायतीत नोंद करा, आणि पोचल्या पोचल्या गाव-तालुक्याचं नाव कुणाकडून तरी लिहून घ्या. "निघतानाच असं अभद्र काय बोलतेस गं बाय," म्हणून म्हाताऱ्या करवादतात. लिहून घेणाऱ्या मात्र दरवर्षी थोड्या वाढतायत.