बंदूक, गंज आणि वऱ्हाडातला वीकएन्ड

सोमवार ते शुक्रवार क्यूबिकलमध्ये बसणाऱ्या माझ्या मित्राला अकोल्यात, आजोळच्या माळ्यावर खजिना सापडला. ठासणीची बंदूक! लांबलचक नळी, किडलेला दस्ता आणि सगळीकडे गंज. लगेच प्लॅन ठरला. घासूनपुसून चकाचक करायची आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर टांगायची. मामांनी चहाचा घोट घेत एवढंच विचारलं, "घासून तर ठेवशीन, पन लायसन कोन काढीन?"

बंदूक तिथेच ठेवून आम्ही गाडी काढली. कारण अशा बंदुका जिथे धडाडल्या, तो मुलूख इथून हाकेवर आहे. अकोटमार्गे पहिला थांब अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इथल्या मैदानात आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांना हरवलं. सैनिक दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून टाकायचा, गजाने ठासायचा, मग चाप ओढायचा. तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. आज तिथे नुसती शेतं आहेत.

नरनाळ्यावर नऊगजी तोफ पाहिली. उघड्यावर, ऊनपाऊस खात पडलेली. तिला कोणी चकाचक केलेलं नाही, तरी हात लावताच अंगावर काटा येतो. दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ला तो पडला. पुढे १८१५मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच वेलस्ली!

रात्री हॉटेलवर आम्ही १९५९चा शस्त्र कायदा उघडला. जुन्या बनावटीच्या किंवा पुराणमूल्य असलेल्या शस्त्राला परवान्यातून सूट आहे, पण एका अटीवर. दुरुस्त करूनही त्यातून गोळी सुटता कामा नये. म्हणजे बंदूक दुरुस्त होण्यासारखी असेल, तर गंजलेली असली तरी परवाना हवाच. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. मामा बरोबर होते, बॉस!

सोमवारी मित्राने रजा वाढवली आणि बंदूक जागची न हलवता पोलीस ठाण्यात जाऊन कळवलं. परवाना मिळेल किंवा ती जमा होईल. आजोबांची वस्तू जाईल म्हणून तो हिरमुसलाय. पण पॉलिश पेपर मात्र त्याने परत केला. घासताना नळीवरच्या खुणा गेल्या, तर ती कुठली, कधीची, हे पुन्हा कधीच कळणार नाही.

तुमच्या माळ्यावरही असेल तर?
चाप ओढू नका, नळी तापवू नका. आत जुना बार भरलेला असू शकतो. घासू नका. आधी पोलीस ठाणं, मग जाणकार.

कसं जाल?
अकोला मुंबई-हावडा मार्गावर आहे. नरनाळ्यासाठी अकोटहून शहानूर गाठा. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, त्यामुळे वनखात्याच्या प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्या. गाविलगडला अमरावतीहून परतवाडामार्गे जा.