कीव न मागणारी झोपडी

गरिबीचे गाणे म्हटले की ऐकणारा आधीच हळहळायच्या तयारीने बसतो. तुकडोजी महाराजांचे ‘या झोपडीत माझ्या’ ती तयारीच मोडून काढते. मंगरूळपीर काय, अमरावती काय, वऱ्हाडात घरोघरी ठाऊक असलेले हे भजन कोणाकडे काहीच मागत नाही. भुईवर अंग टाकणारा माणूस राजाशी बरोबरीने बोलतो: महालात शिरताना अडवणारे असतात, माझ्याकडे कोणीही यावे, कधीही जावे. त्याहून धारदार जागा चोरीची आहे. संपत्ती कुलपात दडते म्हणूनच ती चोरीला जाते, असे ही झोपडी सुनावते. एरवी चोर शोधायचा तो गरिबाच्या वस्तीत, हा ठरलेला रिवाज. इथे बोट महालाकडे वळते आणि कीव करायला आलेल्यालाच जाब द्यावा लागतो.

हे समाधानाचे गाणे गरिबाला आहे तिथेच बसवून ठेवते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत वाशिम होता. शेंगा भरायच्या वेळी पावसाने दडी मारली की सोयाबीनवाल्याच्या घरात शांती नांदत नाही. त्याच जिल्ह्यात मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे. कलंदर फकिरी आपण होऊन पत्करतो. कर्जापायी आलेली गरिबी कोणी पत्करत नाही. या दोन्हींना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे, हे मला मान्य आहे. पण म्हणून भजन निजवणारे ठरत नाही. हेच महाराज १९४२ च्या चळवळीत खंजिरीवर लोकांना चेतवत होते, त्यापायी तुरुंगात गेले, पुढे विनोबांच्या भूदानासाठी फिरले. जमीन मागत हिंडणारा माणूस भूमिहीनाला गप्प बस कसे म्हणेल? अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’सुद्धा अशीच फसवते: पोटासाठी मुंबई गाठलेल्या गड्याचा विरह म्हणून ऐकायला बसावे, तो बघता बघता संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेऊन उभे करते.

तरी एक गोष्ट खटकतेच. महाराजांच्या झोपडीवर तारे आहेत, पाऊस नाही. आषाढात कुडाची भिंत भिजते, टिनाला पडलेल्या भोकाखाली गंज ठेवावा लागतो, पोरांची अंथरुणे कोरड्या कोपऱ्यात सरकवावी लागतात. त्या रात्री जागणाऱ्या बाईच्या तोंडी हे भजन बसत नाही. तिचे गाणे वेगळे हवे, आणि त्यानेही कीव मागता कामा नये.