चंद्रावर वन बीएचके

अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर जगणाऱ्या आपल्यासारख्या पब्लिकला घरांचे प्लॅन बघायचं व्यसनच असतं. मला आवडलेला सगळ्यात भन्नाट प्लॅन मात्र कुठल्या बिल्डरचा नाही. तो आहे अमेरिकन लष्कराचा, १९५९ चा. नाव ‘प्रोजेक्ट होरायझन’. लोकेशन? थेट चंद्र!

माणूस अजून अंतराळातही गेला नव्हता, तेव्हा या मंडळींनी पझेशनची तारीख ठरवून टाकली होती! १९६५ मध्ये दोघं उतरणार, १९६६ च्या अखेरीस बारा जण राहायला. खोल्या म्हणजे दहा फूट रुंद, वीस फूट लांब धातूच्या टाक्या, चंद्राच्या मातीत पुरलेल्या. कारण वर किरणोत्सर्ग, उल्कांचे कण आणि दिवसा भाजणारं, रात्री गोठवणारं तापमान. विजेसाठी अणुभट्ट्या. सामान न्यायला सुमारे दीडशे रॉकेटं. बजेट सहा अब्ज डॉलर!

प्लॅन कागदावरच राहिला. अंतराळाचं काम ‘नासा’कडे गेलं. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला खरा, पण पाहुण्यासारखा. १९७२ मधल्या शेवटच्या अपोलो मोहिमेचा मुक्कामही जेमतेम तीन दिवसांचा.

झेंडा रोवायला एक दिवस पुरतो. राहायचं म्हटलं की हवा, पाणी, वीज, सगळं आलं. टाकीवाल्यांनी तो हिशोब आधी मांडला, म्हणून ते मला आवडतात.

या शहरात मला सहा वर्षं झाली. चार पत्ते बदलले. मी इथे राहतोय की नुसता उतरलोय?

काल नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप आणलं. तो अकरा महिन्यांत फारसा वाढत नाही म्हणे. असू दे. मीही घाईत नाही!