थिरथिरा : शिवनेरीच्या कड्यावरचा हिवाळी पाहुणा

जुन्नर-आंबेगाव म्हटले की अलीकडे बिबट्याचीच वार्ता निघते. उसाच्या फडातून बाहेर पडणाऱ्या त्या मोठ्या जनावरापुढे जेमतेम पंधरा ग्रॅम वजनाच्या पाखराची दखल कोण घेणार? तरीही दसऱ्याच्या आगेमागे हे पाखरू या दोन तालुक्यांत न चुकता उतरते आणि चैत्रापर्यंत मुक्कामास राहते. त्याचे नाव थिरथिरा.

हे नाव त्याला शेपटीने मिळवून दिले आहे. दगडावर वा भिंतीवर येऊन बसला की तो प्रथम झटकन खाली वाकतो आणि मग त्याची तांबूस शेपटी थंडी भरल्यासारखी थरथरू लागते. आकार चिमणीएवढा, बांधा मात्र सडपातळ व ताठ. नराचा चेहरा, गळा व छाती काळी. पोट आणि शेपटी विटकरी-नारिंगी. मादी मातकट तपकिरी. ती बसलेली असताना सहसा लक्षात येत नाही. उडाली की शेपटीचा तांबडा रंग चमकतो आणि ओळख पटते. नराच्या वेषाची एक गंमत आहे. शरद ऋतूत त्याच्या नव्या पिसांना राखी कडा असतात, त्यामुळे काळा रंग झाकलेला राहतो. हिवाळाभर त्या कडा झिजत जातात आणि परतीच्या वेळी तो पूर्ण काळाभोर, तुकतुकीत दिसतो. वापराने झिजून माल अधिक खुलावा, असा अनुभव व्यापारात विरळाच!

त्याला पाहायचे असेल तर सकाळच्या कोवळ्या उन्हात शिवनेरी चढावा. सात दरवाजे ओलांडून वर गेल्यावर अंबरखान्याच्या पडक्या भिंती लागतात. असे पडके दगडकाम, कातळ आणि मोकळी जमीन ही त्याची आवडती जागा. उंचवट्यावरून तो जमिनीकडे टक लावून पाहतो, मुंगी किंवा भुंगा दिसताच खाली झेपावतो आणि पुन्हा उंचवट्यावर येतो. न वंगवलेल्या बिजागरीसारखा बारीक, कुरकुरता आवाज कानी पडला तर तो जवळपास आहे असे समजावे. तो थव्याने राहत नाही. हिवाळ्यापुरती आपली हद्द ठरवतो आणि दुसरा थिरथिरा आत आलाच तर त्याला हुसकावून लावतो.

जुन्नरच्या लेण्यांभोवतीही तो असतो. नाणेघाटातून कोकणातला माल घाटावर चढत होता, त्या काळी या नगरीत धनिकांची व कारागिरांची वर्दळ होती. येथील एका शिलालेखात धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. भुसार व्यापाऱ्यांचा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा दानधर्म मुद्दाम पाहण्याजोगा आहे.

दानाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. दुकानापुढे पाखरांसाठी ज्वारी टाकण्याची रीत आपल्या घरांत पूर्वापार आहे. त्या दाण्यांवर कबुतरे जमतात. थिरथिरा मात्र त्यांना चोचही लावत नाही. तो कीटकांवर आणि क्वचित बारीक फळांवर जगतो. त्याचे ताट वाढलेले असते ते शेताच्या बांधावर. आणि नेमका तेथेच पेच आहे. जुन्नर व नारायणगाव परिसरातील द्राक्षबागांची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. तेव्हापासून फळ उतरेपर्यंत फुलकिडे, पिठ्या ढेकूण आणि बुरशी यांसाठी फवारण्या चालू राहतात. थिरथिऱ्याचा मुक्काम अगदी याच महिन्यांतला. शेतकऱ्याला बाग वाचवावीच लागते. वर्षाची मिळकत तिच्यावर असते, कर्जाचे हप्तेही तिच्यावरच. पण कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने औषध देताना मात्रा नीट समजावून सांगितली, गरजेपेक्षा एक बाटली कमी विकली आणि बांधाची कड फवारू नये एवढे सुचवले, तर त्याचे मोल पोतेभर ज्वारीहून कमी ठरू नये. ही जीवदया वहीत मात्र तोट्याच्या बाजूला दिसेल.

आंबेगाव तालुक्यात घोडनदीच्या वरच्या खोऱ्यात, डिंभे धरणाच्या बाजूस गेल्यासही तो भेटतो. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते जुने आंबेगाव या जलाशयाखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गाव उठले तरी नाव राहिले. काठावरच्या वाड्यांतून पडवीच्या आढ्यावर किंवा गोठ्याच्या गडग्यावर थिरथिरा शेपटी हलवीत बसलेला असतो. माणसाच्या वावराचे त्याला फारसे भय नाही.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापू लागले की तो निघतो. प्रवास बहुधा रात्रीचा, त्यामुळे निरोपाचा क्षण कोणाच्या दृष्टीस पडत नाही. एके सकाळी गडग्यावरची जागा रिकामी असते, एवढेच. पुढे काश्मीर, लडाख, तिबेट किंवा त्यापलीकडच्या मध्य आशियात, दगडाच्या कपारीत वा एखाद्या घराच्या भिंतीतल्या भोकात तो घरटे करतो. मादी तेथे चार ते सहा अंडी घालते. शिवनेरीवर तोवर वळवाचे ढग जमू लागलेले असतात.