काटा लाल झाला म्हणजे...!

पवनी म्हटलं की प्रत्येकाला काहीतरी वेगळं आठवतं. भाविकांना वैनगंगेचे घाट आणि देवळं, इतिहासवाल्यांना १९६९-७० च्या उत्खननात सापडलेले बौद्ध स्तूप, आणि आपल्या सिव्हिलवाल्यांना जवळचं गोसेखुर्द धरण. मी पवनीचाच. मला आधी आठवतं ते मे महिन्याचं ऊन! पारा ४५ च्या आसपास, आणि नेमका त्याच महिन्यात उन्हाळी धान निघतो. म्हणजे आमच्या गाडीला सगळ्यात जास्त काम केव्हा? तर जेव्हा उभं राहणंसुद्धा नको वाटतं तेव्हा.

गाडी म्हणजे जुनी डिझेल पिकअप. बाबांनी सेकंडहँड घेतलेली. तिच्यात एसी नाही, सेन्सरबिन्सर नाही, कॉम्प्युटर लावून कोड वाचायची सोय नाही. डॅशबोर्डवर तापमानाचा एक काटा आहे, बस्स. मागच्या उन्हाळी सुटीत मी घरी गेलो तेव्हा हा काटा लाल पट्ट्यात जाऊ लागला होता. धानाचे कट्टे भरून भिवापूरच्या रस्त्याला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत काटा वर! मग गाडी झाडाखाली लावायची, बोनट उघडायचं आणि वाट पाहत बसायचं.

मित्रांनो, आपल्याकडे गाडी बिघडली की सल्ल्यांचा तोटा नसतो. चौकात एकाने सांगितलं, "थर्मोस्टॅट काढून फेका, आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाय." दुसरा म्हणाला, "पाणी टाकत राहा, चालते." आणि एका गॅरेजवाल्याने बोनटमध्ये डोकावून दोन मिनिटांत निकाल दिला, "हेडचं पॅकिंग उडालं. इंजिन खोलावं लागते." खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्पच झाले. पैशापेक्षाही मोठा प्रश्न दिवसांचा होता. इंजिन खोललं म्हणजे गाडी आठ-दहा दिवस उभी. धानाचा सीझन असतो तीन-चार आठवड्यांचा. तेवढ्या दिवसांच्या भाड्यावर घरातले बरेच हिशेब अवलंबून असतात, त्यात माझी पुढच्या सेमिस्टरची फीसुद्धा!

बाबांचे जुने ओळखीचे एक मिस्त्री आहेत. गावात सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. आता ते फारसं काम करत नाहीत. बाबा म्हणाले, "एकदा त्याईले दाखवून पाहू." उस्तादांनी बोनटला हातही लावला नाही. आधी खाटेवर बसून विचारलं, "कवा तापते? उभी असते तवा, का पळते तवा?"

खरं सांगतो, थर्मलच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

विचार करा. गाडी उभी असताना किंवा गर्दीत हळू चालताना रेडिएटरला वारा देतो तो फॅन. तेव्हा तापली तर संशय फॅनवर, बेल्टवर, फॅनच्या क्लचवर. पण गाडी साठच्या स्पीडने पळताना समोरून आपोआप वारा मिळतो, तिथे फॅनची फारशी गरज उरत नाही. तेव्हा तापली तर दुखणं बहुधा रेडिएटरमध्ये किंवा पाण्याच्या फिरण्यात. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर मग हेडच्या पॅकिंगचा संशय घ्यावा, कारण सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आहे. आमची गाडी चौकात तासभर सुरू ठेवली तरी काटा मध्यावर! लोड घेऊन पळाली की लाल. म्हणजे अर्धं उत्तर प्रश्नातच होतं.

बाकीचं उत्तर आम्ही क्रमाने शोधलं. क्रम साधा होता. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, आणि जे खोललं की परत पूर्ववत करता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न, काटा खरं बोलतो का? जुन्या गाडीत सेन्डरच बिघडलेला असू शकतो. कोरोनात घरोघरी आलेली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, ती माणसाच्या तापाच्या थोडं वर गेली की हात टेकते. मित्राच्या मल्टिमीटरसोबत थर्मोकपलची वायर होती. ती रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडाशी बांधली. काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा मीटरवर १०३! म्हणजे काटा प्रामाणिक निघाला.

दुसरा, पॅकिंग. सकाळी इंजिन थंड असताना कॅप काढून, पाणी काठोकाठ भरून इंजिन सुरू केलं. सतत बुडबुडे आले असते तर गॅरेजवाला खरा. बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवरचं ऑइल काळंच, दुधाच्या चहासारखं झालेलं नाही. धुराड्यातून पांढरा धूर नाही. उस्ताद म्हणाले, "पॅकिंग चांगलं हाय. इंजन खोलाची गरज नाय."

तिसरा, बेल्ट. अंगठ्याने दाबून पाहिला, ठीक.

चौथा, रेडिएटर. गाडी तापवून आणली, इंजिन बंद केलं आणि उस्तादांनी जाळीवरून हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा आणि खालचा कोपरा कोमट! पाणी वरून खाली येताना थोडं निवतंच, पण तेवढाच एक कोपरा एकदम निवलेला म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. बाहेरूनही जाळीत धानाचा भुसा, तणसाचे तुकडे आणि धूळ घट्ट बसली होती. कॅपचं रबरही कडक होऊन चिरलं होतं.

इथे थोडं पुस्तक उघडू. डिझेल जळून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला पाण्याला सोसावा लागतो. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश धरा. डिसेंबरच्या दुपारी हवा २५, फरक ७०. मेमध्ये हवा ४५, फरक ५०. म्हणजे रेडिएटर नवा कोरा असला तरी त्याची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी कमी! हिवाळ्यात अर्धवट तुंबलेला रेडिएटर निभावून नेतो आणि मे महिन्यात उघडा पडतो. कॅपचंही तसंच. ती साधारण ०.९ बार दाब धरते म्हणून पाणी १०० ऐवजी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं की ही सगळी सवलत गेली. आणि म्हणूनच गरम गाडीची कॅप कधीही उघडू नका. दाब जाताच ते पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

नळ्या तुंबल्या कशाने? बोअरच्या पाण्याने! आमच्या घरी पाणी तापवायच्या गंजाच्या बुडाशी पांढरा थर बसतो. (पुण्याच्या रूममेटसाठी खुलासा : आमच्याकडे गंज म्हणजे भांडं, लोखंडाला लागतो तो नव्हे!) पाण्यातला चुना गरम पृष्ठभागावर आधी जमतो. तोच थर इंजिनात आणि रेडिएटरमध्ये. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शंभरपटीहून कमी वाहतो. म्हणजे "पाणी टाकत राहा" या सल्ल्याने दुखणं दर आठवड्याला वाढत होतं. शिवाय तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. आणि थर्मोस्टॅट काढला असता तर? हिवाळ्यात इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त जळतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी रेडिएटरला टाळून बायपासमधूनच फिरतं, म्हणजे गाडी आणखी तापते!

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा होता, हे आमचं नशीब. कारागिराने झाळ काढून टाकी उघडली, नळ्यांतून पातळ सळई फिरवली, पुन्हा झाळ लावली. जाळीतला भुसा मी आतल्या बाजूने हलक्या पाण्याने काढला. जोराचा फवारा मारला की पातळ पत्र्या वाकतात. नवी कॅप, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घालून कूलंट. दीड दिवसात गाडी रस्त्यावर! इंजिन खोलायच्या खर्चाच्या मानाने हा खर्च काहीच नव्हता. कट्टे भरून उमरेडपर्यंत गेलो, मीटर ९० च्या पुढे गेलं नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशीचं भाडं ठरवायला फोन लावला.

उस्ताद दहावीपर्यंतही शिकलेले नाहीत. न्यूटनचा नियम त्यांना ठाऊक नाही, पण तो त्यांच्या तळहाताला कळतो. मला नियम ठाऊक होता, हात कुठे ठेवायचा ते त्यांनी शिकवलं. काटा फक्त "गरम आहे" एवढंच सांगतो, "का" ते सांगत नाही. ते विचारावं लागतं, आणि पाना हातात घेण्याआधी विचारावं लागतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी अशी एखादी जुनी गाडी, ट्रॅक्टर किंवा डिझेल पंप आहे. या सुटीत घरी गेलात आणि कुणी म्हणालं, "इंजिन खोलावं लागते," तर एकच करा. आधी विचारा, "कवा तापते?"