शिशाच्या तारेची साक्ष

नमुन्याच्या होडीतील मूठभर इंजिनाला खेळणे म्हणणाऱ्याने एकदा त्यातली फट मोजून पाहावी. दट्ट्या अगदी वर पोचला म्हणजे तो व सिलिंडरचे डोके यांच्यामध्ये कडेला जेमतेम पाव ते अर्धा मिलिमीटर जागा उरते. ती वाढली, तर मिश्रण नीट दाबले जात नाही व होडी रेंगाळते; फार घटली, तर ते अवेळी पेटते, प्रसंगी दट्ट्याच डोक्यावर आदळतो.

पण बंद पोकळीत मोजपट्टी घालणार कोठून? म्हणून प्लगच्या भोकातून डाख देण्याची शिसे-कथलाची मऊ तार कडेपर्यंत सारतात आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवितात. तारेचे चेपलेले टोक मायक्रोमीटरात धरले, की फटीचे माप मिळते. मात्र तार दट्ट्याच्या पिनेच्या रेषेत हवी. काटकोनात धरली, तर दट्ट्या किंचित कलतो आणि तार खोटी साक्ष देते.

यंत्रांचे नमुने घडविणारा सरकारी कारखाना 1953 साली अंबरनाथला निघाला. तेथपासून बदलापुरापर्यंत आज लेथ चालविणाऱ्यांचा तोटा नाही. त्यांतल्या कोणाला ही कृती सांगितली, तर तो हसणार नाही अशी माझी खात्री आहे. आगबोटीच्या प्रचंड डिझेल इंजिनातही ही फट शिशाच्या तारेनेच पाहतात. तार तेवढी जाड घेतात.